हिरव्या आलेखाचं कूळ

डेटा सेंटरमध्ये हजार-दोन हजार सर्व्हरांवर नजर ठेवणारे जे रंगीत आलेख पडद्यावर सरकत असतात, त्यांचा मूळपुरुष एका बारीकशा लाइनीच्या राखणीसाठी जन्मला होता.

साल १९९४. टोबियास ओएटिकर तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात नोकरीला होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ किलोबिटची, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. ती कितपत तुंबली आहे, याची उत्सुकता सगळ्यांनाच. राउटर आपल्यातून गेलेल्या बाइट्सची मोजणी वीजमीटरसारखी ठेवतो, आकडा नुसता चढत जातो. एसएनएमपी या प्रोटोकॉलमुळे तो दुरूनही विचारता येतो. ओएटिकरने तेवढंच केलं : दर पाच मिनिटांनी आकडा घ्यायचा, मागचा वजा करायचा, सेकंदांनी भागायचं आणि वेबपानावर चित्र काढायचं. आत येणारी रहदारी हिरवी, बाहेर जाणारी निळी. १९९५ च्या वसंतात हा पर्लमधला प्रोग्राम ‘एमआरटीजी’ नावाने खुला झाला. मग ओएटिकर नोकरी बदलून स्वित्झर्लंडला गेला आणि प्रोग्राम बाजूला पडला.

जानेवारी १९९६ मध्ये डेव्ह रँड नावाच्या एका वापरकर्त्याची ईमेल आली : हे इतकं हळू का चालतं? ओएटिकरने काही उपाय सुचवले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. मग रँडने कळीचा भाग स्वतःच सी भाषेत लिहून पाठवला. वेग चाळीस पट! तक्रार करणाराच दुरुस्ती करून देतो, असं भाग्य किती प्रोग्रामांच्या वाट्याला येतं?

एमआरटीजीची खरी करामत मात्र चित्रात नव्हती, नोंदवहीत होती. ही फाइल कधी फुगत नाही. दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात थेट एका दिवसाची. नोंद जुनी होईल तशी ढोबळ होत जाते आणि दोन वर्षांनी गळून पडते. डिस्क महाग असताना हे शहाणपण होतंच. पण त्याची किंमतही होती : परवा दुपारी दोन मिनिटं सर्व्हर का गुदमरला, ते वर्षाच्या आलेखात शोधून सापडत नाही. सरासरीने उंच सुळके कापलेले असतात.

हीच नोंदवही ओएटिकरने १९९९ मध्ये ‘आरआरडीटूल’ म्हणून वेगळी काढली. आता रहदारीच काय, तापमान, मेमरी, काहीही त्यात भरता येऊ लागलं.

एव्हाना क्लस्टरचे, म्हणजे अनेक यंत्रं जोडून एकत्र राबवण्याचे, दिवस आले होते. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्येच बाजारात मिळणारे सोळा प्रोसेसर जोडून ‘बेओवुल्फ’ उभा केला होता. स्वस्त यंत्रं जोडत गेलं की मोडणारीही वाढतात. प्रत्येकात लॉगिन करून कोण बघणार? बर्कलीच्या मॅट मॅसीने ‘गँग्लिया’ या देखरेखीच्या प्रोग्राममध्ये वेगळी वाट काढली. प्रत्येक यंत्र आपली खबर सर्वांना ऐकवतं आणि इतरांची ऐकून ठेवतं, त्यामुळे कुठल्याही एकाला विचारलं तरी साऱ्या क्लस्टरची हालहवाल कळते. आलेखांसाठी खाली होतं तेच आरआरडीटूल.

२०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेल्या ‘प्रोमिथियस’ या देखरेखीच्या प्रोग्रामने सरासरीची ही रीत सोडली. तो नोंदी जशाच्या तशा ठेवतो आणि वेगळं सांगितलं नसेल तर पंधरा दिवसांनी पुसून टाकतो.