चांद्याचं लोखंड आणि टाटानगरची गाडी

दुसऱ्या महायुद्धात भारतात बांधलेल्या एका चिलखती गाडीचा पत्रा जास्तीत जास्त 14 मिलिमीटर जाड होता. 1:35 मापाच्या मॉडेलमध्ये त्याची जाडी 0.4 मिलिमीटर होते. अर्ध्या मिलिमीटरची पांढरी स्टायरीन शीट घ्यायची, झाकणांच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून तिरप्या घासून बारीक करायच्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला खरी जाडी दिसते. सध्या एटापल्लीतल्या माझ्या ओसरीवर हेच काम चाललं आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि तरुणपणी सुटलेला हा नाद पुन्हा हाती घेतला.

लहानपण आलापल्लीत गेलं. वडील जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर. 1971 च्या लढाईनंतर वर्तमानपत्रांत रणगाड्यांचे फोटो यायचे. ते कापून ठेवायचे, आणि डेपोतून आलेल्या सागाच्या तुकड्यांतून तसाच रणगाडा कोरायचा. साग कोरायला कठीण, पण कोरलेली कड सोडत नाही. पुढे नागपूरला शिकताना एअरफिक्सचा प्लास्टिकचा शेरमन मिळाला. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, संसार आला आणि डिंकाची ट्यूब कपाटातच वाळून गेली.

या छंदाचं गाव म्हणजे जपानमधलं शिझुओका. तिथली टामिया कंपनी 1946 मध्ये लाकडाच्या व्यापारातून उभी राहिली. पुढे ती लाकडी मॉडेल करू लागली आणि 1960 मध्ये प्लास्टिककडे वळली. 1961-62 मध्ये त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढा सांगाडा आखला आणि त्याचं माप भरलं 1:35. आज जगभरातले रणगाडे करणारे तेच माप धरून चालतात. लाकडाच्या वखारीतून रणगाड्यांकडे गेलेली ही कंपनी आलापल्लीच्या माणसाला जवळची वाटते.

मी या नादाकडे परतलो तो अहमदनगरमुळे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमुळे. आर्मर्ड कोअरने 1994 मध्ये तिथे रणगाडा संग्रहालय उभारलं. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, माटिल्डा, चर्चिल, जपानी हा-गो, 1965 च्या लढाईतला पॅटन, चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यातून निघालेला विजयंत, सगळे उघड्यावर रांगेने उभे आहेत. चित्रात रणगाडा गुळगुळीत दिसतो. इथे माटिल्डाच्या ओतीव पोलादावर हात ठेवला तर साच्याचा खरबरीतपणा तळहाताला लागतो. शिवाय प्रत्येक यंत्राच्या मागे कुठला तरी कारखाना, कुठली तरी खाण आणि कुठला तरी कोळसा असतो. आपल्याकडच्या लोखंडाचा रणगाडा कुठला, हा प्रश्न तिथेच मनात आला.

त्याचं सर्वात जवळचं उत्तर म्हणजे ही माझी गाडी. सैन्याच्या कागदावर तिचं नाव ‘आर्मर्ड कॅरियर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न’ असं लांबलचक. लोक तिला ‘टाटानगर’ म्हणत. तिला चाकं आहेत, पट्टे नाहीत, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ती रणगाडा नव्हे. तरी रणगाडे करणारा माणूस तिला त्याच कपाटात जागा देतो. चासी कॅनडाहून यायची, फोर्डचं व्ही-8 इंजिन मागच्या बाजूला. वरचा चिलखती सांगाडा भारतात, रेल्वेच्या कार्यशाळांमध्ये, टाटांच्या पोलादातून तयार होई. 1940 ते 1944 या काळात अशा साडेचार हजारांहून जास्त गाड्या बांधल्या गेल्या. उत्तर आफ्रिका, इटली, मलाया, ब्रह्मदेश, जिथे जिथे भारतीय पलटणी लढल्या तिथे त्या गेल्या.

ते पोलाद जमशेदपूरचं, म्हणजे सिंहभूमचं. पण टाटांच्या डोक्यात लोखंडाचा कारखाना आला तो आमच्या जिल्ह्यामुळे. आमचा म्हणजे जुना चांदा जिल्हा. चंद्रपूर हे नाव नंतरचं आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. आमच्या शाळांत जमशेदजी टाटांचा धडा असे तेव्हा त्यात जमशेदपूर असायचं, चांदा नसायचं. ही हकीकत इथल्या पोरांना सांगितली गेली पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमशेदजींची एम्प्रेस मिल नागपुरात 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. 1882 मध्ये त्यांच्या हाती रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंड गाळणं परवडेल का. लोहाऱ्याची टेकडी उत्तम खनिजाची आहे आणि जवळ वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. वरोऱ्याची खाण 1871 पासून चालू होती. कापसाची गिरणी चालवणाऱ्या माणसाला त्या कागदात पोलादाचा कारखाना दिसला. त्याने नमुने थेट जर्मनीला धाडले. दगड चांगला होता. वरोऱ्याचा कोळसा मात्र भट्टीच्या कामाचा निघाला नाही. त्यात सरकारचे खाणींचे नियम असे जाचक की खाजगी माणसाने हात घालूच नये. बेत बारगळला.

व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, 1899 मध्ये, नियम सैल झाले आणि म्हाताऱ्या जमशेदजींनी तोच बेत पुन्हा काढला. अमेरिकेतून सी. एम. वेल्ड हा भूगर्भतज्ज्ञ आला. त्याच्यासोबत जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आणि भाचे शापुरजी सकलातवाला बैलगाडीतून चांद्याच्या रानात हिंडले. वेल्डचं मत पडलं की लोहाऱ्याचा दगड उंची आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा नाही. ही गोष्ट सरकारला कळवायला दोराबजी नागपूरला गेले. साहेबांची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूस्तर नकाशा होता आणि दुर्गकडचा एक भाग गडद रंगवलेला. तो डल्ली-राजहराचा लोखंडाचा डोंगर. भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये त्याची नोंद केली होती. पुढे याच बोसांच्या पत्रामुळे टाटा मयूरभंजकडे वळले. 1907 मध्ये कंपनी स्थापन झाली, 1912 मध्ये पोलादाची पहिली लादी निघाली. चांदा मागे पडला.

लोहारा वैनगंगेच्या पश्चिमेला. आमच्या बाजूचा लोखंडाचा डोंगर म्हणजे सूरजागड, तिथून बरंच दक्षिणेला, नदीच्या पूर्वेकडे, तेव्हाच्या अहेरी जमीनदारीच्या रानात. हा डोंगर माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा. जानेवारीत इथे जत्रा भरते आणि गावोगावचे देव वाजतगाजत डोंगरावर येतात. दगड हेमॅटाइट, हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड, आणि फरशीवर घासला की तांबडी रेघ ओढतो.

या भागात लोखंड टाटांच्या आधी किती तरी शतकं गाळलं जात होतं. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीकाठी नैकुंडला 1978 ते 1980 मध्ये उत्खनन झालं. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवीसनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. विदर्भातल्या शिळावर्तुळांखाली कुऱ्हाडी, सुऱ्या, घोड्याचे लगाम निघतात, ते अशाच भट्ट्यांचं लोखंड. एकोणिसाव्या शतकात इंग्रज भूगर्भवाले चांद्याला आले तेव्हाही गावोगाव भट्ट्या धगधगत होत्या. मातीची छोटी भट्टी, चामड्याचा भाता, लाकडी कोळशाचा थर, त्यावर कुटलेला दगड, पुन्हा कोळसा. शेवटी भट्टी फोडून तापलेला गोळा बाहेर काढायचा आणि ठोकून ठोकून त्यातला मळ झाडायचा.

ही विद्या गेली कशी? रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात आणलं, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. 1878 च्या जंगल कायद्यानंतर रान राखीव होत गेलं. ज्या झाडाचा कोळसा आजा पाडत होता, ते तोडणं नातवाला गुन्हा झालं. दगड डोंगरावरच होता, भाता घरात होता, कोळसा हातातून गेला. टाटांच्या पहिल्या प्रयत्नात चांद्याने दगा दिला तो कोळशापायीच. इथल्या लोखंडाची गोष्ट आपण नेहमी दगडावरून सांगतो. ती जळणावरून सांगितली तर गावचा भट्टीवाला आणि नागपूरचा गिरणीमालक एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. फरक एवढाच की टाटा दुसरा मुलूख शोधायला जाऊ शकले.

सूरजागडचा खाणपट्टा दिला गेला 2007 मध्ये. काम धडपणे सुरू व्हायला 2016 उजाडलं आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी डोंगरावरचे किती तरी ट्रक जाळले. 2021 मध्ये मात्र खोदकाम पुन्हा सुरू झालं. आसपासच्या गावांनी जंगलासाठी, ठाकूरदेवासाठी मोर्चे काढले, धरणं धरलं. त्याच गावांतली माझी काही विद्यार्थी पोरं खाणीवर कामाला आहेत, काही धरण्यावर बसलेली आहेत, आणि दोन्ही घरी मला चहा मिळतो. डोंगर ज्यांचा, त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लागू नये, हे माझं मत मी दोन्ही ओसऱ्यांवर बोललो आहे.

आलापल्लीच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात. उन्हाळ्यात त्यांच्या धुळीने पळसाची पानं तांबडी होतात, माझ्या खिडकीच्या चौकटीवर बोटभर थर साचतो. तो थर मी मलमलीच्या फडक्यातून चाळून बाटलीत भरला. मॉडेलवाले गंजाचा रंग दाखवायला विकतची पूड वापरतात. ती आयर्न ऑक्साइडच असते, आणि ही पूडही तीच. सायलेन्सरवर पहिल्यांदा नुसतीच लावली तर रंग फार गर्द, जांभळट आला. गंज ताजा असला की नारिंगीकडे झुकतो. म्हणून चिमूटभर पिवडी मिसळली, स्पिरिटमध्ये कालवली, आणि शून्य नंबरच्या ब्रशने ठिपके टाकत गेलो. स्पिरिट उडालं की पूड पत्र्याला धरून बसते. जास्तीची कोरड्या ब्रशने झटकायची. वाकांच्या खाचांत ती राहू द्यायची, सपाट भागावर ठेवायची नाही. खरा गंज पाणी साचतं तिथेच धरतो.

शेजारचे लोहारबाबा हे सगळं बघत बसतात. वय ऐंशीच्या पुढे, अजून विळ्याला धार लावून देतात. परवा म्हणाले, “गुरुजी, गाडी केली तं केली जी, भट्टी काऊन नाही करत?”

तीच आता हाती घेतली आहे, त्याच 1:35 मापात. माती तळ्याकाठची, वस्त्रगाळ केलेली. भाता जुन्या पाकिटाच्या चामड्याचा. माणूस बसलेला दाखवायचा म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर. बाबांनी समोर बसून मांडणी सांगितली: भाता वाऱ्याच्या कुठल्या अंगाला, दगड कुटायची जागा किती दूर, कोळसा कुठे रचायचा. कोळशाचा ढीग दगडाच्या ढिगाच्या कित्येक पट हवा, असं ते पुन्हा पुन्हा बजावतात. तेवढा ढीग या पाटावर मावत नाही, म्हणून सागाची मोठी फळी कापून आणायला आज आलापल्लीला निघालो आहे.