लाखाची मोटार आणि माणसाची पत

यंत्राचा इतिहास कारखान्यात घडतो, असे आपण समजतो. मला ते अर्धेच खरे वाटते. यंत्राविषयी आधी जो गाजावाजा होतो, तोही त्याचे रूप आणि भवितव्य ठरवीत असतो. नॅनो मोटारीचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

पावसात एका स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. एक लाख रुपये हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला आणि ते वचनच होऊन बसले. मग पुण्याच्या अभियंत्यांनी गाडी त्या आकड्यात बसविली. मागच्या बाजूला दोन सिलिंडरांचे छोटे इंजिन, काचेवर एकच वायपर, चाकाला तीनच नट. या काटकसरीमागे मोठी बुद्धी होती, हे मी नाकारीत नाही. पण १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी जगापुढे आली, तेव्हा द्वाही फिरली ती जगातील सर्वांत स्वस्त मोटार म्हणून.

त्याच वर्षी सिंगूरच्या शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे कारखाना गुजरातेत साणंदला गेला. २००९ साली दोन लाखांहून अधिक लोकांनी मागणी नोंदविली. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. पण सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, खप पाऊण लाखाच्याच घरात राहिला. काही गाड्यांनी पेट घेतला, किंमतही लाखाच्या वर गेली. जून २०१८ मध्ये एकच गाडी तयार झाली आणि त्या वर्षीच उत्पादन थांबले.

असे का व्हावे? स्कूटरवरच्या माणसाला डोक्यावर छप्पर हवे होते, तशी चारचौघांत पतही हवी होती. आयुष्याची पुंजी मोडून त्याने दारात गरिबीची पाटी का लावावी? ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे उतरलेले कपडे आले, त्यांना हा दंश समजावून सांगावा लागत नाही. स्वस्ताईचा शिक्का गाडीला भोवला, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केले.

गरिबाचा खिसा मोजला गेला, त्याचे मन कोणी विचारले नाही. पुढे ‘गरिबांसाठी’ म्हणून एखादे यंत्र जाहीर होईल, तेव्हा किंमत विचारण्याआधी आपण विचारले पाहिजे : हे ठरविताना आम्हांला कोणी विचारले होते काय?