आडनाव सांगतं ते मूळ की मुक्काम?

(कुरुंदवाड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्याकडे नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "आडनाव काय?" आणि पाठोपाठ दुसरा, "मूळचे कुठले?" आम्हाला हे प्रश्न आयुष्यभर विचारले गेले, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ते विचारत आलो. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो, सत्तरी ओलांडली, तरी ही खोड काही गेली नाही. म्हणून आज त्या दुसऱ्या प्रश्नाचीच उलटतपासणी करू या. आडनावावरून माणसाचं मूळ कळतं का?

उदाहरणासाठी लांब जायला नको. १८ ऑगस्ट १८७२ रोजी याच कुरुंदवाडात एक मुलगा जन्मला. वडील दिगंबर गोपाळ, कीर्तनकार. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या वेळी फटाक्याच्या दारूनं या मुलाच्या डोळ्यांना इजा झाली. शाळेचं शिक्षण अवघड झालं, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

आता आडनाव बघा. पलुसकर म्हणजे पलूसचे. पलूस सांगली जिल्ह्यात, इथून फार लांब नाही. पण या घराण्याचं आधीचं आडनाव गाडगीळ. गाडगीळ हे कोकणस्थांतलं आडनाव. म्हणजे वाट अशी दिसते: कोकण, मग पलूस, मग कुरुंदवाड. त्यातला मधला एकच मुक्काम आडनावात राहिला. आधीचा पुसला गेला आणि नंतरचे त्यात आलेच नाहीत. कुणी "पलुसकर, म्हणजे मूळचे पलूसचे" असं म्हणालं, तर तो वाटेतल्या स्टेशनालाच गाव समजून उतरला म्हणायचं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पलूसमध्ये राहून कुणी पलुसकर होत नाही. तिथं सगळं गावच पलूसचं. एकाला पलुसकर म्हणून ओळखायचं कसं? हे आडनाव मिळतं ते गाव सोडल्यावर, आणि ते देतात दुसऱ्या गावची माणसं. "ते पलूसचे बुवा" असं आधी म्हटलं जातं. मग "पलुसकरबुवा." एक-दोन पिढ्यांनी शाळेच्या हजेरीपटात तेच चढतं. म्हणजे 'कर' लावलेलं आडनाव हा मुळाचा पुरावा कमी, आणि स्थलांतराचा पुरावा जास्त.

आमच्या नैयायिकांनी शब्दांचे प्रकार सांगितले आहेत. 'यौगिक' शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांतून निघतो. पाचक म्हणजे शिजवणारा. 'रूढ' शब्दाचा अर्थ केवळ संकेतानं ठरतो. आणि 'योगरूढ' शब्दात दोन्ही असतं. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण चिखलातल्या बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही, कमळालाच म्हणतात. पलुसकर हा शब्द जन्मला तेव्हा यौगिक होता, पलूसचा कुणीही. पुढे तो एका घराण्याला चिकटला आणि योगरूढ झाला. आज तो शब्द ऐकला की गाव आठवत नाही, गाणं आठवतं. आपण चूक करतो ती इथं. योगरूढ शब्द पुन्हा यौगिक समजून वाचतो आणि त्यातून इतिहास काढायला बसतो.

कधी तर गावच चुकतं. नरहर कुरुंदकर कुरुंदवाडचे, असं छातीठोकपणे सांगणारे आम्हाला भेटले आहेत. कुरुंदकर मराठवाड्यातल्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. अक्षरं जुळली म्हणून गाव जुळत नाही.

आता नदीकडे चला. संताजी घोरपड्यांची समाधी म्हणून आपण जे स्थान दाखवतो, ते इथलंच. घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की ते आधी भोसले. घोरपडीच्या साहाय्यानं किल्ला सर केला म्हणून घोरपडे झाले. घोरपडीची गोष्ट गोष्ट म्हणूनच घ्या. पण पुढचं ऐका. नारो महादेव जोशी नावाचा ब्राह्मण मुलगा संताजींच्या आश्रयाला वाढला आणि त्यानं कृतज्ञतेपोटी धन्याचं आडनाव घेतलं. इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे ते हेच. म्हणजे मराठा सेनापतीचं आडनाव ब्राह्मण घराण्यात गेलं. रक्ताचं नातं नाही, जात वेगळी, आडनाव मात्र तेच. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांनी इचलकरंजीला एकदा जाऊन यावं.

आणि तिसरं आडनाव, पटवर्धन. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन याच इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. नारो महादेवांच्या मुलाला, व्यंकटरावांना, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिलेली. त्या सोयरिकीतून भटजींच्या मुलांना पेशव्यांचं दार उघडलं. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्रिंबक हरी हे तिघे तलवार धरून सरदार झाले. मिरज, सांगली, जमखंडी, तासगाव आणि आपलं कुरुंदवाड ही सगळी त्या घराण्याची पाती. कुरुंदवाडचीही १८५४ मध्ये थोरली आणि धाकटी अशी वाटणी झाली, आणि ८ मार्च १९४८ रोजी दोन्ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. पटवर्धनांनी आडनाव बदललं नाही. पण लोक त्यांना काय म्हणत? सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर. इथं 'कर'चा अर्थ उलटा झाला. पलुसकर म्हणजे पलूस सोडलेला. सांगलीकर पटवर्धन म्हणजे सांगलीचा धनी. प्रत्यय तोच. एकाचं गाव मागे पडलेलं, दुसऱ्याच्या हाती आलेलं.

हा केवळ आपलाच प्रकार आहे असं समजू नका. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीतून विल्यमची फौज इंग्लंडमध्ये उतरली. त्या काळी या सरदारांच्या नावापुढे 'द' लागे. 'द' म्हणजे 'चा', आपला 'कर' समजा. ब्री नावाच्या गावचा तो 'द ब्रूस'. हे ब्रूस आधी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला आले. ११२४ मध्ये त्यांच्यातल्या एकाला स्कॉटलंडमध्ये जहागीर मिळाली. आणि १३०६ मध्ये त्याच घराण्यातला रॉबर्ट ब्रूस स्कॉटलंडचा राजा झाला, इंग्रजांशी लढला, स्कॉटिश लोकांचा राष्ट्रपुरुष ठरला. त्याच्या आडनावात गाव आहे ते फ्रान्सचं! म्हणून स्कॉटिश माणूस त्याला उपरा म्हणतो का? नाही म्हणत. तिथं 'फिट्झ' असाही एक उपसर्ग आहे, म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. आपले गोविंद हरी आणि विष्णु दिगंबर हे याच जातीचे. बापाचं नाव पुढं लावलं की काम भागतं.

आता एक आडनाव असं सांगतो की ते फिरत फिरत आपल्या पलुसकरांच्या शेजारी आलं. नॉर्मंडीत माँटगोमेरी नावाचं ठिकाण. तिथला सरदार रॉजर द माँटगोमेरी इंग्लंडला आला, वेल्सच्या सरहद्दीवर त्यानं किल्ला बांधला, आणि त्या मुलखालाच माँटगोमेरी नाव पडलं. गावावरून माणूस, माणसावरून पुन्हा गाव. शतकं गेली. हे आडनाव स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये पसरलं. आयर्लंडमध्ये जन्मलेले सर रॉबर्ट माँटगोमेरी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, आणि १८६५ मध्ये लाहोर-मुलतान रेल्वेवरच्या एका नव्या ठाण्याला त्यांचं नाव दिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातले फील्ड मार्शल माँटगोमेरी हे या सर रॉबर्टचे नातू. विष्णु दिगंबरांनी लाहोरला विद्यालय काढलं तेव्हा शेजारचा जिल्हा माँटगोमेरी होता. नॉर्मंडीतल्या एका ठिकाणाचं नाव आणि कृष्णाकाठच्या एका गावाचं नाव, दोन्ही पंजाबात, दोन्ही माणसांच्या खांद्यावर बसून आलेली. त्या शहराला आज साहिवाल म्हणतात. नावं येतात तशी जातातही.

आपल्याकडेही हे घडलंच. मालवण तालुक्यातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, तिचं नाव किर्लोस्करवाडी. आणि ही किर्लोस्करवाडी कुठल्या तालुक्यात आहे? पलूस! एकाच तालुक्यातून एक आडनाव बाहेर पडलं आणि दुसरं येऊन गाव झालं.

तर मंडळी, "मूळचे कुठले?" या प्रश्नाचं काय करायचं? प्रश्न विचारू नका असं आम्ही म्हणत नाही. ओळख काढायची आपली ती रीत आहे, तिच्यात जिव्हाळा आहे. पण त्याच प्रश्नानं माणसाला दाराबाहेरही ठेवता येतं. "हे काही इथले नव्हेत" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! इचलकरंजीच्या मागावर काम करायला परमुलखातून आलेला माणूस इथं वीस वर्षं राहिला तरी आपण त्याला त्याच्या मुलखाच्या नावानंच हाक मारतो. मारू या. पण गाडगिळांना पलुसकर म्हणणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं, आणि ज्याला तसं म्हटलं त्याच्याच मुलानं कुरुंदवाडचं नाव लाहोरपर्यंत नेलं, हे लक्षात असू द्यावं. २०१९ च्या पुरात आपणही घरं सोडून दुसऱ्यांच्या गावी राहिलो. चार-आठ दिवस का होईना, तिथं आपण 'कुरुंदवाडचे' होतो. इथं राहून ते कधी व्हावं लागलं नव्हतं.

शेवटी एक काम सांगतो. मास्तरकीची सवय, काय करणार! घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि मुळाचं विचारण्याऐवजी मुक्कामांचं विचारा. आजोबा कुठून आले? त्यांच्या आधी कुठं होते? का निघाले, दुष्काळ, नोकरी, वाटणी, की नदी? आजीचं माहेर कुठलं, हेही लिहा. आडनावात तिचा प्रवास कधीच येत नाही. तीन मुक्काम मिळाले तरी पुष्कळ झाले. आणि ते सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे करा.

एवढं बोलून थांबतो.