दृश्य, मूळ आणि पूरक

एका माहितीसंग्रहावरून दुसरा काढणे सोपे. परंतु त्या उताऱ्यात केलेली दुरुस्ती मुळात परत नेणे बिकट असते, कारण उतारा घेताना काही मजकूर गळून गेलेला असतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित माहितीसंग्रहाची कल्पना मांडल्यानंतर संगणकशास्त्रात हा प्रश्न ठळक झाला. अशा उताऱ्यास तेथे 'दृश्य' म्हणतात.

बान्सिलाँ व स्पिराटोस यांनी १९८१ मध्ये त्यास कठोर उत्तर दिले. दृश्यात जे उतरले नाही ते 'पूरक' मानावे, आणि पूरकास धक्का न लागता मुळात नेता येईल तेवढीच दुरुस्ती स्वीकारावी. तर्कदृष्ट्या हे निर्दोष होय. तथापि व्यवहारातील कितीतरी निरुपद्रवी दुरुस्त्याही त्यामुळे नाकाराव्या लागतात. कॉड यांच्या १९८५ च्या सहाव्या नियमानुसार, तत्त्वतः दुरुस्त होण्याजोगे प्रत्येक दृश्य यंत्रणेस दुरुस्त करता आले पाहिजे. सारा वाद त्या 'तत्त्वतः' शब्दात होता!

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फॉस्टर, पिअर्स प्रभृतींनी २००५ मध्ये 'भिंग' ही कल्पना पुढे आणली. भाषांतराचे उलट भाषांतर केल्यास मूळ वाक्य क्वचितच हाती येते. येथे मात्र परतताना जुने मूळही समोर ठेवलेले असते. अट एवढीच की, न बदललेले दृश्य परत नेल्यास मूळ तसेच राहावे, आणि बदललेले नेल्यावर मुळातून पुन्हा तेच दृश्य निघावे.

एवढ्याने भागत नाही, हे २००८ च्या 'बूमरँग' भाषेच्या प्रबंधातील संगीतकारांच्या यादीवरून दिसते. मुळात नाव, जन्ममृत्यूची वर्षे व राष्ट्रीयत्व. दृश्यात वर्षे नाहीत. नोंदी केवळ क्रमाने जुळविल्या आणि दृश्यात ब्रिटन यांना सिबेलियस यांच्या जागी आणले, तर सिबेलियस यांची १८६५-१९५७ ही वर्षे ब्रिटन यांना चिकटतात. दोन्ही अटी पाळल्या जातात, आणि इतिहास मात्र खोटा होतो. म्हणून त्या भाषेत नावाच्या खुणेने नोंदी जुळविण्याची सोय झाली. तरीही नाव गाळून संग्रह जुळविले आणि मागाहून तेच नाव पुन्हा लिहिले, तर वर्षे गेलेलीच असतात.

हॉफमन, पिअर्स व वॅग्नर यांच्या २०११ च्या सममित भिंगांत कोणताही एक संग्रह मूळ मानलेला नाही. एकात असून दुसऱ्यात नसलेला मजकूर वेगळा साठविला जातो. त्याचे नाव पुन्हा 'पूरक' हेच. गाळलेल्या नोंदीचे पूरक जपणारी आणि विसरणारी, अशी दोन्ही प्रकारची भिंगे तेथे दिली आहेत.