बैलाच्या ओझ्यापासून पिकअपच्या पासिंगपर्यंत : वाहनाच्या वजनावर कर का बसला?

१/
बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. वारकरी या गडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढीपूर्वी येथून पालखी पंढरपूरची वाट धरते. दिंडीसोबत तंबू, शिधा, भांडी आणि पाण्याच्या टाक्या घेऊन वाहने चालतात. आज त्यांत पिकअप हटकून दिसते. मोटार येण्यापूर्वी अशी ओझी बैलांच्या जिवावरच वाहिली जात. या दोन वाहतुकींना जोडणारा एक प्रश्न आहे : राज्यसत्तेने ओझ्यावर कर कसा मोजला?

२/
प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. नवी पिकअप रस्त्यावर आणताना मालक दोन वेगळ्या रकमा भरतो. एक नोंदणी शुल्क. ते केंद्राच्या नियमांनुसार वाहनाच्या वर्गावर ठरते आणि तुलनेने अल्प असते. दुसरी रक्कम मोटार वाहन कराची. तो राज्य सरकार घेते आणि खरा भार त्याचाच असतो. बोलीभाषेत दोहोंना मिळून ‘पासिंगचा खर्च’ म्हणतात. दोहोंचा संबंध वजनाशी आहे, पण इतिहास घडला तो मुख्यतः कराचा.

३/
सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने हिंदुस्थानातील बंजाऱ्यांचे तांडे पाहिले. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल धान्य व मीठ वाहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो सरेपर्यंत प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. बालाघाटाच्या डोंगरांतून कोकणचे मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली जाई, ते असेच बैलांच्या पाठीवरून.

४/
अशा मालावरची जकात बहुधा ओझ्यावर मोजली जाई. बैलाचे ओझे, गाडीचे ओझे, माणसाच्या डोक्यावरचे ओझे असे भेद असत. मालाचा प्रकारही पाहिला जाई. यामागे व्यावहारिक शहाणपण होते. मालाची किंमत ठरवायची तर पारख हवी, आणि पारख आली की वाद आला. बैल मात्र मोजता येतात. नाक्यावरच्या कारकुनाला डोळ्यांनी दिसणारे माप म्हणजे ओझे.

५/
नारायणगडाचा मुलूख पुढे निजामाच्या राज्यात होता. तेथील सीमाशुल्काच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. इस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहाने मालाच्या किमतीवर ५ टक्के शुल्क ठरवले. म्हणजे वजन आणि किंमत ही करमापनाची दोन्ही मापे या प्रदेशाला मोटार येण्याच्या कितीतरी आधी परिचित होती.

६/
तोपर्यंत कर मालावर होता. रस्त्याचा विचार त्यात नव्हता. तो विचार इंग्लंडमध्ये ठळकपणे पुढे आला. तेथे टोल घेऊन रस्ते राखणाऱ्या संस्थांना आढळले, की जड गाड्यांची अरुंद चाके रस्ता चिरत जातात. १७५३ च्या कायद्याने नऊ इंच रुंद चाकांना उत्तेजन दिले. टोलनाक्यांवर गाड्या तोलणारे काटेही बसले. ‘जो रस्ता झिजवतो, त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व रुजले.

७/
मोटार आल्यावर हेच तत्त्व नव्या रूपात अवतरले. ब्रिटनने १९२० च्या कायद्याने खाजगी मोटारींवर अश्वशक्तीनुसार आणि मालवाहू मोटारींवर रिकाम्या गाडीच्या वजनानुसार कर बसवला. अश्वशक्तीचे सूत्र सिलिंडरच्या व्यासावर बेतलेले होते. परिणामी कारखानदारांनी अरुंद व्यासाची, लांब दट्ट्याची इंजिने बनवली. कर ज्या मापाने मोजावा, त्या मापाप्रमाणे यंत्राचा आकार बदलतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

८/
हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी व परवान्यांची चौकट घातली. पण रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा? १९२७ मध्ये सरकारने मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवरील शुल्क गॅलनमागे ४ आण्यांवरून ६ आणे झाले आणि वाढीव २ आणे रस्ते निधीकडे वळले. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे सूत्र आता सरकारी धोरण बनले.

९/
मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये मोटार वाहन कराचा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने या कायद्याच्या बाहेर होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामाची राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ हेही त्याच राज्यात. एका राज्यात निरनिराळ्या राजवटींचे कायदे नांदत होते. त्यातून ‘मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८’ जन्मला.

१०/
या अधिनियमात मालवाहू वाहनांवरील कर वजनाच्या टप्प्यांनुसार आकारला गेला. येथे मोजायचे ते वाहनाचे नोंदणीकृत भारित वजन, म्हणजे गाडी आणि तिला वाहण्याची परवानगी असलेला माल यांची बेरीज. रिकामे वजन धरले तर हलकी गाडी बनवून तीत बेसुमार माल भरण्याचा मोह होतो. भारित वजन धरले की कराचा संबंध रस्त्यावर पडणाऱ्या दाबाशी जुळतो.

११/
न्यायालयातही हाच विचार उमटला. १९६२ मध्ये राजस्थानातील वाहतूकदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की रस्त्यांच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला वाहन कर व्यापाराच्या स्वातंत्र्यात अडथळा ठरत नाही. हे ‘मोबदल्याचे’ तत्त्व अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते बाजूला सारले.

१२/
पण वजनाचे टप्पे तरी पुरेसे न्याय्य होते काय? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी अखंड फिरवण्यात आल्या. निष्कर्ष चकित करणारा होता : रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज १६ पट. आसावर २ टन भार असलेल्या गाडीच्या तुलनेत १० टनांचा आस ६२५ पट झीज करतो. कोणत्याही कराचे टप्पे इतके उभे चढत नाहीत. म्हणजे वजनाच्या मापातही लहान गाडी आपल्या वाट्याहून अधिकच भरत होती.

१३/
लहान गाड्यांचे युग २००५ मध्ये वेगाने विस्तारले. त्या वर्षी बाजारात आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहनास परवान्यातून सूट दिली होती. ७५०० किलोपर्यंतचे वाहन ‘हलके’ गणले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या मोटारीचा परवाना असलेला चालक या मर्यादेतील मालवाहनही चालवू शकतो. गावातील तरुणासाठी पिकअप हा जणू नवा बैल ठरला.

१४/
मग मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला. अर्थमंत्री अजित पवार यांनी ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहनांवर किमतीच्या ७ टक्के कर प्रस्तावित केला; १ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. वृत्तपत्रांनी हिशेब मांडला : १० लाखांच्या पिकअपवर वजनानुसार सुमारे २० हजार कर बसे, आता ७० हजार. बीडच्या एमएच-२३ क्रमांकाची पाटी लागण्याआधीच मालकाला ५० हजार अधिक मोजावे लागणार.

१५/
किमतीच्या बाजूने युक्तिवाद आहे. महागाईबरोबर वजन वाढत नाही, म्हणून वजनावरचा ठरावीक कर काळाबरोबर झिजतो. किमतीवरचा कर आपोआप वाढतो. महाग गाडी घेणाऱ्याची ऐपत अधिक, हेही खरे. पण पिकअप ही चैनीची वस्तू नाही, उपजीविकेचे साधन आहे. तिची किंमत कर्जातून आलेली असते. सारख्याच वजनाच्या दोन गाड्या रस्ता सारखाच झिजवतात, कर मात्र आता वेगळा देतात.

१६/
तरीही वजनाची सद्दी संपलेली नाही. किमतीवर कर कोणाला लावायचा, हे ७५०० किलोची रेघच ठरवते. परवान्याची सूट ३००० किलोच्या रेघेवर थांबते. जादा माल भरला तर दंड वजनकाट्यावरच ठरतो. म्हणजे तराजू दारातून हटला नाही; फक्त आत गेल्यावर हिशेब दुसऱ्या मापाने होतो.

१७/
बैलाच्या ओझ्यावरची जकात, करोडगिरीचे ५ टक्के, १९५८ चे वजनाचे टप्पे आणि २०२५ चे ७ टक्के : माप दर वेळी बदलले, प्रश्न तोच राहिला. कर रस्त्यावर पडणाऱ्या भाराचा मोबदला आहे, की मालकाच्या ऐपतीतला वाटा? पुढच्या आषाढीत दिंडीमागे चालणाऱ्या पिकअपच्या आर.सी. बुकात तिचे एकूण वजन छापलेले असेल. त्या एका आकड्यामागे तीन-चारशे वर्षांचा वाद उभा आहे.