आठवा डेक, दुपारी साडेतीन

जहाजावर चढलेली मोटार कागदोपत्री ‘माल’ होते. पण तिच्या टाकीत पेट्रोल आणि बॅटरीत वीज तशीच असते. अशा हजारो गाड्या एका बंदिस्त जहाजात दाटीवाटीने उभ्या केल्यावर एका ढिल्या वायरीने काय होतं, हे ४ जून २०२० रोजी अमेरिकेत, फ्लॉरिडातल्या जॅक्सनविल बंदरात दिसलं. ‘होएग शियामेन’ हे मोटारवाहू जहाज त्या दुपारी बाल्टिमोरला निघायच्या बेतात होतं. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासातून पुढे आलेला हा घटनाक्रम.

गाड्या चढण्याआधी : नियम आणि सूट

धोकादायक माल समुद्रमार्गे नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मोटारीला स्वतःचा क्रमांक आहे : यूएन ३१६६. म्हणजे मोटार मुळातच धोकादायक मालात मोडते. मात्र जहाज खास वाहनांसाठी बांधलेलं असेल आणि गाडीतून काही गळत नसेल, तर बाकीच्या अटींतून सूट मिळते. ज्या वाहनांना अशी सूट नाही, त्यांची टाकी पाव भागाहून जास्त भरलेली चालत नाही आणि इंधन २५० लिटरच्या वर तर कधीच नाही.

टाकी पूर्ण रिकामी करण्यात एक अडचण आहे. या जहाजांवर गाड्या क्रेनने चढत नाहीत, रॅम्पवरून चालवत न्याव्या लागतात. त्यामुळे थोडं इंधन ठेवावंच लागतं, आणि सगळी भिस्त बॅटरी सोडवण्यावर येते.

लोडिंगचे तास

जहाजावर एकूण २,४२० वापरलेल्या गाड्या. जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीची पद्धत ठरलेली : गाडी जागेवर लागली की बॉनेट उघडायचं, बॅटरीची वायर सोडवायची आणि तिचं टोक पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही अशा बेताने ते झाकून टाकायचं. गाडीमागे काही मिनिटांचं काम. ते बंदरातल्या कामगारांनी करायचं आणि झालं की नाही हे कंपनीने व स्टीव्हडोरने, म्हणजे माल चढवून घेणाऱ्या ठेकेदाराने, बघायचं.

नंतर तपासात निघालं ते असं : अनेक गाड्यांमध्ये हे काम नीट झालेलंच नव्हतं, आणि बघणाऱ्यांनी ते पकडलंही नव्हतं.

लोडिंग चालू असताना आगीची सूचना देणारी यंत्रणाही बंद होती. यात गैर काही नाही. इतक्या गाड्यांच्या धुराने ती सारखी वाजत राहील.

दुपार : लोडिंग संपलं

शेवटची गाडी लागली. आता यंत्रणा लगेच सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. आठव्या डेकवर काय चाललंय हे सांगणारं त्या वेळी जहाजावर काहीच जागं नव्हतं.

साधारण ३.३०

सर्वांत वरच्या, बाराव्या डेकवर हवा बाहेर टाकणाऱ्या एका झडपेतून धूर येताना खलाशांनी पाहिला. माग काढत ते आठव्या डेकवर पोचले, तिथे गाड्या पेटल्या होत्या. त्यांनी आग विझवायचा प्रयत्न केला, पण धुराने त्यांना मागे हटवलं.

पुढची मिनिटं

बंदरात उभ्या जहाजाला अग्निशमन दल जवळच असतं. पण त्याला कळवायचं कसं, हे कॅप्टनला ठाऊक नव्हतं आणि संपर्काचा क्रमांकही हाताशी नव्हता. कार्बन डायऑक्साइड सोडायचा निर्णयही लांबला. हा वायू आगीचा प्राणवायू तोडतो, पण डेक बंद असेल आणि आग लहान असेल तोवरच त्याची खरी मात्रा चालते. प्रत्येक मिनिटाला ती संधी आक्रसत होती.

एवढ्या वेळात इंधन काय करतं? हल्लीच्या बहुतेक गाड्यांची टाकी प्लॅस्टिकची असते. शेजारच्या गाडीच्या झळेने ती वितळते आणि पेट्रोल जमिनीवर पसरतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता फरशीलगत सरकते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगी पुरते. पाव टाकीवर थांबण्याचा नियम इथे अर्थपूर्ण ठरतो : आग कुठून लागते ते त्याने बदलत नाही, किती पसरते ते बदलतं.

दुपारनंतर

अग्निशमन दल जहाजावर आलं. त्यांच्याशी बोलून कॅप्टनने आठव्या डेकवर वायू सोडायला लावला. नंतर सगळे २१ खलाशी सुखरूप खाली उतरले. जवानांनी आत झुंज चालू ठेवली.

स्फोट

झुंज चालू असतानाच जहाजात स्फोट झाला. नऊ जवान जखमी झाले, त्यांतले पाच गंभीर. त्यानंतर धोरण बदललं. आत कोणी जायचं नाही, बाहेरून पाणी मारून जहाजाचा पत्रा थंड ठेवायचा आणि आतलं जळायचं ते जळू द्यायचं.

१२ जून

आठवड्याहून अधिक काळ धुमसून आग विझली. जहाज आणि गाड्या पूर्णतः निकामी, नुकसान ४ कोटी डॉलर. सांगाडा ओढत तुर्कस्तानात नेऊन मोडीत काढला गेला.

तपासाचा निकाल

कारण : आठव्या डेकवरच्या एका वापरलेल्या गाडीची बॅटरी नीट सुटी केलेली नव्हती, तिथे विजेचा बिघाड झाला. मंडळाने मूळ दोष ठेवला तो कामगारांच्या कामावर नीट देखरेख न करणाऱ्यांवर.

तीन वर्षांनी

५ जुलै २०२३, रात्री नऊच्या सुमारास, अमेरिकेतल्याच नेवार्क बंदरात ‘ग्रान्दे कोस्ता दाव्होरिओ’ या जहाजावर पुन्हा आग. पश्चिम आफ्रिकेला निघालेल्या जुन्या, बंद पडलेल्या गाड्या डेकवर ढकलायला एक जीप रँग्लर वापरली जात होती. ही खडकाळ वाटेसाठी बनवलेली गाडी खरी, पण दुसऱ्या गाड्या तासन्‌तास रेटणं हे तिचं काम नव्हे. आग त्या जीपमध्येच लागली. ऑगस्टो अकाबू आणि वेन ब्रूक्स ज्युनिअर हे दोन अग्निशामक आत अडकून मरण पावले.

गाडी पाठवणाऱ्यांसाठी

रेल्वेने मोटारसायकल पाठवणाऱ्याला पार्सल ऑफिसात आधी टाकी रिकामी करायला सांगतात. अनेकांना ती कटकट वाटते. बाटल्यांत पेट्रोल उपसताना घाई होते, कोणीतरी बाजूला विडी ओढत असतो. हीच घाई नको.

ऑफ-रोड गाडी पाठवताना तर जास्त बघावं लागतं, कारण तिच्यावर मालकाने बरंच काही चढवलेलं असतं. जादा टाकी आहे का? मागच्या दारावरचा जेरीकॅन धुऊन, वाळवून वेगळा काढला का? विंचची जाड वायर थेट बॅटरीवर आली आहे का? जादा दिव्यांची, फ्रिजची, दुसऱ्या बॅटरीची जोडणी कुठून आहे? एक टर्मिनल सोडलं तरी दुसऱ्या बॅटरीतून वीज चालूच राहते.

कंटेनरमधून पाठवायची गाडी चालवत चढवावी लागत नाही, त्यामुळे टाकी शक्य तितकी कोरडी करता येते. हे काम उघड्यावर, ज्वाळा-ठिणगीपासून लांब आणि माहीतगार मेकॅनिककडून करून घ्या. मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळ्यांतलंही संपतं. बॅटरी सोडा, टोकं टेपने गुंडाळा, फोटो काढून ठेवा. आणि टाकी रिकामी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिच्यात वाफ उरतेच.

जहाज कंपनी, एजंट, बंदर यांपैकी कोणाच्याही फॉर्मवर ‘बॅटरी सोडली’ अशी खूण असणं हा पुरावा नाही. बॉनेट उघडून स्वतः बघा, मगच चावी द्या.