पावसाची आघाडी

डोंबिवलीहून नेलेली छत्री बर्गनमध्ये चौथ्याच दिवशी उलटी झाली. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर. समोर समुद्र, भोवती सात डोंगर. वर्षाला सुमारे २२५० मिलिमीटर पाऊस. जाण्याआधी आकडा वाचून मी हसलो होतो, मुंबईतही साधारण तेवढाच पडतो. पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते. बर्गनचा वर्षभर पुरतो, एप्रिल ते जून तेवढा कमी. २००६च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला तो सलग ८५ दिवस पडत होता! अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमानही शून्याच्या वर असतं, म्हणून हिवाळ्यातही बर्फापेक्षा पाऊसच जास्त. उन्हाळा जेमतेम पंधरा अंशांचा.

अशा ठिकाणी गवत वाळवायचं कसं? इथल्या शेतकऱ्याचा हा जुना घोर. हिवाळाभर गुरं गोठ्यात, आणि चारा म्हणजे उन्हाळ्यात कापलेलं गवत. जमिनीवर पसरलं तर कुजतं, म्हणून आपण कपडे वाळत घालतो तसं ते तारांवर टाकत. तरी लागोपाठ दोन-तीन कोरडे दिवस हवेतच. ते कधी येणार?

१९१८ साली हा प्रश्न सगळ्या देशाच्या पोटाशी आला. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, पण धान्य बाहेरून यायचं आणि पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. त्यात इथलं हवामान येतं पश्चिमेकडून, म्हणजे ब्रिटनच्या बाजूने. युद्धात हवामान हे लष्करी गुपित झालं आणि ब्रिटनहून येणाऱ्या नोंदी बंद पडल्या.

विल्हेल्म ब्यर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ आदल्याच वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगहून बर्गनला आले होते. त्यांनी विचार केला, लांबचं दिसत नाही तर जवळचंच बारकाईने बघू. किनाऱ्यावर निरीक्षणाची ठिकाणं कितीतरी पटींनी वाढवली. दीपगृहाचे रखवालदार, मच्छीमार, शेतकरी, पाणबुड्यांवर नजर ठेवणारे नौदलाचे पहारेकरी, सगळे वारा आणि ढगांची खबर देऊ लागले. नकाशे काढणारी पोरं विशीतली: मुलगा याकोब, हाल्वोर सोल्बर्ग, पुढे स्वीडनचा टोर बर्जेरोन. अंदाज शेतकऱ्यांपर्यंत पोचू लागले.

आणि त्या दाट नकाशांवर एक गोष्ट उघड झाली. वादळात पाऊस सगळीकडे सारखा नसतो, तो रेषा धरून चालतो. उबदार दमट हवा जड थंड हवेवर चढते, तिथे तासन् तास रिपरिप. मागून थंड हवा उबदार हवेखाली घुसते, तिथे जोराच्या सरी. याकोबने हे १९१९मध्ये निबंध लिहून मांडलं. त्या सीमारेषांना नाव मिळालं ‘फ्रंट’, मराठीत आघाडी. (आपल्याला आधी राजकारणच आठवतं, ते असो.) रोज खंदकांच्या बातम्या वाचणाऱ्यांना दुसरा शब्द सुचला असता तरच नवल.

आपला मोसमी पाऊस मात्र या साच्यात बसत नाही. तो थंड आणि उबदार हवेच्या भांडणातून जन्मत नाही. त्यामुळे शाळेत मी ‘फ्रंट’ पाठ केला आणि विसरलो. समजला तो बर्गनमध्ये, बसस्टॉपवर: सकाळभर कंटाळवाणी भुरभुर, दुपारी जरा उबारा, मग वारा फिरला, सरी आल्या आणि गारठा.

ब्यर्कनेस यांच्या मंडळींनी उभं केलेलं हवामान कार्यालय बर्गनमध्ये अजून आहे. नॉर्वेच्या हवामान ॲपचं नाव ‘यूर’, म्हणजे भुरभुर. घराबाहेर पडताना मी तेच उघडतो. छत्री पुन्हा घेतली नाही; जाड रेनकोट घेतलाय.